‘एवढ्यासाठी कशाला आलात?’

एका आईचं पत्र आहे. घरात आठ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. नवरा कामासाठी बरेचदा बाहेरगावी. दोन महिन्यांपूर्वी मुलीला रात्री १०२ ताप चढला म्हणून त्या तिला उचलून तातडीच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेल्या. दीड तास बसल्यावर डॉक्टरांनी तपासलं, ‘व्हायरल आहे, पॅरासिटामॉल द्या’ म्हणाले आणि वर ‘एवढ्यासाठी रात्री कशाला आलात?’ असंही ऐकवलं. फोनवर नवराही हसला. पुढे तीन आठवड्यांपूर्वी मुलाच्या हातून काचेचा ग्लास फुटला आणि उजव्या हाताच्या तर्जनीला तळव्याच्या बाजूने कापलं. पुन्हा हसं नको म्हणून त्यांनी घट्ट पट्टी बांधली आणि सकाळ होईपर्यंत थांबल्या. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी जखम धुऊन टाके घातले आणि विचारलं, ‘रात्रीच का नाही आणलंत?’

त्या लिहितात: ‘लवकर गेलं तरी चूक, उशिरा गेलं तरी चूक. कुठलं दुखणं गंभीर आणि कुठलं किरकोळ, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? मी घाबरट आहे की निष्काळजी, हेच कळेनासं झालंय.’ आणि अगदी शेवटी, सहीच्या वर: ‘जखम भरलीय. बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे म्हणतो, पण खेळतो-बिळतो, त्यामुळे ठीक असावं.’

*

ताई, तुमच्या पत्राला मी खालून वर उत्तर देणार आहे. सहीच्या वरची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझी नजर तिथेच अडकली.

बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला, दोन्ही कडांनी एकेक, असे दोन बारीक मज्जातंतू टोकापर्यंत जातात. काचेची जखम फसवी असते. वरून दिसते नखाएवढी आणि आत खोलवर बरंच काही कापलेलं असू शकतं. तीन आठवडे होऊन, कातडी भरून आल्यावरही टोक बधिर असेल, तर त्यातला एखादा मज्जातंतू तुटला असण्याची शक्यता आहे. नुसता दुखावलाही असेल आणि हळूहळू सावरेल. पत्रावरून मला ते सांगता येणार नाही, आणि ‘खेळतो-बिळतो’ यावरून तुम्हालाही नाही. मुलं उरलेल्या नऊ बोटांनी छान खेळतात.

आज संध्याकाळी त्याला जवळ बसवा. बोटाचं मधलं पेर तुमच्या चिमटीत धरा आणि त्याला फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगा, मग सरळ करायला. वाकत नसेल तर स्नायूची दोरी कापली गेली असू शकते. मग उद्या सकाळी उठून आधी तेच काम. त्यानंतर त्याचे दोन्ही हात कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पाण्यात राहून बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात ना, त्या कातडी पाणी पिते म्हणून पडतात असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती मज्जातंतूंची करामत असते. त्यांच्या हुकमाने आतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडी चुणते. मज्जातंतू तुटलेला असेल तर तेवढा भाग गुळगुळीत राहतो. लहान मुलांना ‘कुठे कळतंय, कुठे नाही’ हे नीट सांगता येत नाही, म्हणून हाताचे सर्जन ही युक्ती वापरतात. सुरकुत्या पडल्या म्हणजे सगळं ठीक असा दाखला मात्र समजू नका. पडोत न पडोत, याच आठवड्यात हाताच्या सर्जनना बोट दाखवा. तुटलेला मज्जातंतू जितका लवकर जोडला जाईल तितका बरा. उशिराही जोडता येतो, पण काम अवघड होत जातं.

मग त्या रात्री थांबलात त्याचं काय? तुम्ही समजता तेवढं बिघडलं नाही. ‘सहा तासांच्या आत टाके’ हा जुना नियम आहे. १८९८ मध्ये फ्रीडरिश नावाच्या जर्मन सर्जनने गिनीपिगच्या जखमांमध्ये बागेतली माती आणि जिन्यातली धूळ भरून जंतू किती वेळात पसरतात ते पाहिलं. सहा तासांचा आकडा तिथून आला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला. आता डॉक्टर इतकं घड्याळ लावून बसत नाहीत. जखम स्वच्छ असेल तर बारा तासांनंतरही टाके घालतात, चेहऱ्यावर तर चोवीस तासांपर्यंत. रात्रीच गेला असतात तर बरंच झालं असतं, पण माझ्या मते त्या रात्रीच्या दहा-अकरा तासांपेक्षा नंतरचे तीन आठवडे जास्त महागाचे आहेत. ‘टोक बधिर आहे’ हे त्याने तुम्हाला सांगितलं, तुम्ही ऐकलंत, आणि परत जायला मन धजलं नाही. का, ते तुम्हीच पत्रात सांगितलंय.

आता तुमचा मुख्य प्रश्न: गंभीर काय आणि किरकोळ काय, हे ओळखायचं कसं?

मला वाटतं प्रश्नच जरा चुकीच्या माणसाला विचारला जातोय. गंभीर की किरकोळ, हे ठरवायला डॉक्टर लागतो; कधी एक्स-रे लागतो, कधी रक्त तपासावं लागतं, कधी तर दोन दिवस वाट पाहावी लागते. ते तुम्ही रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात उभं राहून ठरवायचं, ही अपेक्षाच अवाजवी आहे. तुम्हाला ठरवायचं असतं एवढंच, की हे किती वेळ थांबू शकतं. मिनिटंही नाही? रात्रभर नाही? उद्या सकाळपर्यंत चालेल? चार दिवस पाहू या?

हे दोन प्रश्न सारखेच वाटतात, पण नाहीत. कारण जे बघून पोटात गोळा येतो ते पुष्कळदा थांबू शकतं आणि जे बघून काहीच वाटत नाही त्यातलं काही अजिबात थांबू शकत नाही.

कुत्र्याचा दात लागलाय, ओरखडा उठलाय, रक्ताचा एक थेंब. बघणारा म्हणेल, एवढंसं तर आहे. पण रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणीही वाचत नाही. त्या आधीच्या काळात लस दिली तर माणूस वाचतो. १८८५ मध्ये पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली ती चाव्यानंतर दोन-अडीच दिवसांनी, आणि तो वाचला. आपण तेवढीही वाट पाहायची नाही: साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. किंवा घड्याळातली, खेळण्यातली ती चपटी गोल बॅटरी. मुलाने गिळली, रडला नाही, खेळतोय. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतलं अस्तर जळायला लागतं. वयात येणाऱ्या मुलाच्या वृषणात एकाएकी कळ येते, तो लाजेने ‘पोटात दुखतंय’ म्हणतो आणि पांघरूण घेऊन पडून राहतो. तिथे पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो, नाहीतर वृषण गमवावं लागतं. बाहेरून यातलं काहीच भयंकर दिसत नाही.

आता उलट बाजू. चार वर्षांचं लेकरू तापाने फणफणलंय, गाल लाल, अंगाला हात लावला तर चटका. पण ताप उतरल्यावर ते उठून बसतं, पाणी मागतं, लघवी होतेय, डोळ्यांत ओळख आहे. हे सकाळपर्यंत थांबू शकतं. तापाचा आकडा आणि आजाराचं वजन यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नसतं. १०४ ताप साध्या विषाणूनेही येतो. मी तरी थर्मामीटरपेक्षा पॅरासिटामॉल दिल्यानंतरच्या तासाभरात मूल कसं दिसतं याला जास्त महत्त्व देते.

इथे एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा वर असेल, तर ते हसत असलं तरी ताबडतोब दाखवायचं, रात्र असो की पहाट. तुमची मुलं मोठी आहेत, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी मांडीवर आत्ता तेवढं बाळ असेल.

पॅरासिटामॉल वजनावर देतात: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोटाळा होतो तो बाटलीत. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्यातच २५०. ‘गेल्या वेळी एक चमचा दिलं होतं’ हा हिशोब इथे चालत नाही. बाटलीवरचा आकडा वाचा आणि औषधासोबत आलेल्या मापानेच द्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापासाठी अॅस्पिरिन कधीच नाही.

तापात आकडी आली तर? पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. मूल चाललं असंच वाटतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधीतरी येते आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत थांबते. कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर अॅम्ब्युलन्स. थांबली तरी पहिली आकडी असेल तर त्याच वेळी दाखवा. तुमची मुलगी चारची आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तेव्हा त्या रात्री १०२ तापासाठी जाणं गरजेचं होतं का? बहुधा नसावं. चुकीचं होतं का? अजिबात नाही.

तुमच्या पत्रातली दुसरी समजूत इथे सोडवायला हवी. तुम्हाला वाटतं, डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ म्हणून घरी पाठवलं म्हणजे फेरी फुकट गेली. पण त्यांनी कानात पाहिलं असेल, घसा पाहिला असेल, छाती ऐकली असेल, मान ताठ नाही ना ते बघितलं असेल. त्यातून ‘काही नाही’ निघालं. हे ‘काही नाही’ तुमच्या घरात बसून कोणालाच काढता आलं नसतं. आणि सोबत अँटिबायोटिक मिळालं नाही, म्हणजे डॉक्टरांनी नीट विचार केला. सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकाने होते. अँटिबायोटिक त्यांच्या वाटेलाही जात नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे आता अँटिबायोटिक हवंच, हाही गैरसमज. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं सामान्य आहे आणि सर्दी गेल्यावर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणंही. सारखं आजारी पडतं, सारखं आजारी पडतं म्हणतो ना आपण, त्यातलं पुष्कळसं एवढंच असतं.

राहिलं ते डॉक्टरांचं वाक्य. ते मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणून त्याची बाजू घेणार नाही. कॅज्युअल्टीत काम करायला लागून वर्षही झालं नव्हतं. रात्री अडीच वाजता एक बाई दोन जुलाब झालेलं मूल घेऊन आली. मूल टुणटुणीत होतं. मी दमलेली. म्हटलं, ‘दोन जुलाबांसाठी लगेच येतात का कोणी? थोडी वाट बघायची.’ काही महिन्यांनी तेच मूल पुन्हा आलं. डोळे खोल गेलेले, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. सकाळपासून लघवी नाही. मी आईवर चिडणार इतक्यात तीच म्हणाली, ‘तुम्हीच म्हणाला होतात ना, वाट बघ.’ मूल सलाइनवर दोन दिवसांत बरं झालं. मी त्यानंतर ते वाक्य तोंडातून काढलेलं नाही. तुमच्या त्या डॉक्टरांना कदाचित अजून अशी बाई भेटलेली नाही.

जुलाबांचा विषय निघालाच आहे तर: मुलांच्या जुलाब-उलट्यांमध्ये जीव घेतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होणं, आणि त्यावरचं औषध पुडीत मिळतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायची सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. मृत्यू झपाट्याने घटले. आजची ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर चालते. त्यातलं ‘मोजून’ महत्त्वाचं. पुडीवर लिटर लिहिलं असेल तर लिटरभरच पाणी. अर्ध्या पाण्यात घट्ट केलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी. ग्लास तोंडाला लावू नका, सगळं बाहेर येईल. सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल, शौचात रक्त किंवा काहीच पोटात ठरत नाही, यातलं एकही दिसलं तर तिथे वाट बघणं संपलं.

आता जखमेकडे वळू, कारण ते तुमच्या घरी घडलंय. रक्त बघून आपण सगळे एकच चूक करतो. स्वच्छ फडका दाबतो आणि अर्ध्या मिनिटाने कोपरा उचलून बघतो, ‘थांबलं का गं?’ त्या बघण्यात नुकती धरू लागलेली गुठळी फडक्याबरोबर निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ लावून सलग दहा मिनिटं दाबायचं, मध्ये एकदाही बघायचं नाही. फडका भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवायचा. नाकाचा घोळणा फुटला तरी हेच: मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून बसायचं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरायचा, दहा-पंधरा मिनिटं. आपल्याला मान वर करायला कोणी शिकवलं कोण जाणे. त्याने रक्त घशात उतरतं आणि मूल ओकतं.

रक्त थांबल्यावर जखम नळाच्या पाण्याखाली धुवा. पाणी पिण्यालायक असलं की पुरे. मग बघा: कडा एकमेकींपासून फाकतात का, आत पिवळसर चरबी दिसते का, जखम सांध्यावर, हातावर किंवा चेहऱ्यावर आहे का, आत काच-माती राहिल्याची शंका आहे का. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी, त्याच रात्री. आणि बोट-हात कापला असेल तर घरीच दोन गोष्टी तपासा: पुढचं पेर हलतं का आणि टोकाला स्पर्श कळतो का. यातलं एखादं चुकत असेल तर जखम कितीही छोटी असो, निघा, आणि डॉक्टरांना हे आपणहून सांगा. घाईच्या ओपीडीत ते तपासायचं राहूनही जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं, ही तारीख कुठेतरी लिहून ठेवा. जखम स्वच्छ असेल तर दहा वर्षांत झालेलं चालतं, मळकी असेल तर पाच.

भाजलं की वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस. दोन मिनिटांत हात काढून घ्यायचा नाही. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि घरातलं जे काही लावायला सुचतंय तेही नको. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा. भाजलेला भाग त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात-पाय, सांधा, गुप्तांग असेल, किंवा वीज अथवा रसायनाने भाजलं असेल, तर पाणी घालून झालं की दवाखाना.

पाय मुरगळला तर ‘तुटलंय का’ हा घरोघरचा प्रश्न. त्याला बऱ्यापैकी उत्तर आहे. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावामध्ये डॉ. इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी घोट्यासाठी काही नियम तयार केले, ते आता जगभर वापरतात. सोप्या भाषेत: घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबलं तर दुखतं का? आणि पडल्यावर लगेच तसंच आत्ता, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? दोन्ही ठीक असेल तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. पण पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर तेही दाखवून घ्या. सूज किती, निळं किती, याला या नियमांत जागाच नाही. आणि बघा, सगळ्यात आधी आपण बघतो ती सूजच. बर्फाचं म्हणाल तर दुखणं कमी करायला थोडा वेळ ठीक. १९७८ मध्ये ज्या डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती-बर्फ-पट्टी-पाय उंच ही चौकडी लोकप्रिय केली, त्यांनीच पुढे बर्फाने भरून यायला उशीर होऊ शकतो असं म्हटलं.

मुलं डोक्यावर पडतात तेव्हाही टेंगळाचा आकार फारसा काही सांगत नाही. पडल्यावर लगेच रडलं, थोड्या वेळाने नेहमीसारखं झालं, तर घरी लक्ष ठेवा. झोपू द्यायला हरकत नाही, मधूनमधून हलवून बघा. शुद्ध हरपली होती, पुन्हा पुन्हा उलटी, वाढती ग्लानी, आकडी, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही असेल तर क्लिनिकच्या वाटेला न जाता थेट हॉस्पिटल. मोठ्यांपैकी कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल आणि डोकं आपटलं असेल, तर लक्षणं नसतानाही.

तातडीचं क्लिनिक आणि हॉस्पिटल यांतला फरक इथे लक्षात घ्या. टाके, ड्रेसिंग, कान ठणकणं, घसा धरणं, लघवीची जळजळ, मुरगळणं, डोळे येणं ही क्लिनिकची कामं. (लघवीच्या जळजळीबरोबर थंडी-ताप आणि पाठीत-कुशीत दुखत असेल, किंवा गर्भारपण असेल, तर ‘पाणी पिऊन बघू’ म्हणत बसू नका. आलेले डोळे नुसते लाल असतील तर ठीक. आत दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.) पण छातीत दाबल्यासारखं होणं, धाप लागून वाक्य पूर्ण न होणं, तोंड वाकडं-हात लुळा-बोलणं अडखळतं, ओठ-जीभ सुजणं, दाबूनही न थांबणारं रक्त, हे घेऊन क्लिनिकमध्ये गेलात तर ते तिथून हॉस्पिटललाच पाठवतील आणि मधला वेळ फुकट जाईल. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो वेळ मोजायला सुरुवात होते लक्षण दिसल्यापासून.

तरीही उद्या पुन्हा अशी वेळ येईल आणि तुम्हाला ठरवता येणार नाही. येणारच. तेव्हा फोन करा, क्लिनिकला किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, आणि विचारा: ‘हे सकाळपर्यंत थांबेल का?’ ‘गंभीर आहे का’ असं विचारलंत तर फोनवर कोणीही ‘आणून दाखवा’ असंच म्हणेल. वेळेबद्दल विचारलंत तर नेमकं उत्तर मिळतं. हाताशी चार गोष्टी असू द्या: कधी सुरू झालं, ताप जास्तीत जास्त किती गेला, शेवटचं औषध किती वाजता आणि किती दिलं, शेवटची लघवी कधी झाली. तोंडी आठवत बसू नका, रात्री आठवत नाही.

आणि दवाखान्यातून बाहेर पडताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. किती दिवसांत बरं वाटायला हवं? आणि काय दिसलं तर परत आणायचं? रॉजर नेबर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८७ मध्ये याला सुरक्षेची जाळी म्हटलं आणि ती बांधणं हे डॉक्टरचंच काम मानलं. डॉक्टरांनी ती बांधली नाही तर तुम्ही मागा. ‘व्हायरल आहे’ याच्यापुढे ‘पाच दिवसांत ताप गेला नाही, किंवा पाणी पिणं बंद झालं, तर या’ एवढं जोडलेलं असतं, तर तुम्ही त्या रात्री घरी अपमान घेऊन न जाता एक सूचना घेऊन गेला असतात. बोटाच्या वेळी ‘टोक बधिर राहिलं तर परत दाखवा’ असं कोणी म्हटलं असतं, तर मला हे पत्र लिहायच्या आधीच तुम्ही सर्जनकडे गेला असतात.

घाबरट की निष्काळजी, याचा निकाल मी लावत नाही. त्या दोन्ही रात्री तुम्ही घरात एकट्या मोठ्या होतात. नवऱ्याला हा लेख वाचायला द्या. फोनवर हसणाऱ्याने पुढच्या वेळी ‘सकाळपर्यंत थांबेल का?’ हा फोन स्वतः करावा, बाहेरगावाहूनही करता येतो.

सर्जनकडे गेल्यावर पहिलं वाक्य माफीचं नको. ‘उशीर झाला, चुकलंच आमचं’ असं सुरू केलंत की समोरचा माणूसही तिथूनच बोलायला लागतो. एवढंच सांगा: ‘तीन आठवड्यांपूर्वी काचेने कापलं, टाके घातले, जखम भरली. टोक अजून बधिर आहे. पाण्यात ठेवल्यावर या बाजूला सुरकुत्या पडल्या’, किंवा ‘पडल्या नाहीत’. पाण्यातून काढल्यावर दोन्ही हातांचा शेजारी-शेजारी एक फोटो काढून ठेवा. सुरकुत्या दहा-पंधरा मिनिटांत जातात.